थांबलेला काटा

हडपसरच्या कंपनीत उत्कर्षा विमानाच्या पडद्यावरचे काटे तपासायची. काट्याचं टोक रेडिओ केंद्राची दिशा दाखवतं. संकेत तुटला, तर काटा दिसेनासाच व्हायला हवा. तिचे वडील यवतमाळच्या बाजारात मापाडी. तराजूचा काटा थांबला की माप खरं, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे चाचणीत संकेत तोडल्यावरही पडद्यावरचा काटा जागीच थांबला, तेव्हा तिने सवयीने ‘बरोबर’ लिहिलं.

चूक उमगली ती अहवाल पाठवायच्या दिवशी. त्याच आठवड्यात नोकरी कायम व्हायची होती. तरी ती विभागप्रमुख आगाशेसाहेबांकडे गेली.

“सर, तो काटा खोटा आहे. मीच पास केलाय.”

“वा! म्हणजे वैमानिकाला आपण थेट डोंगर दाखवणार होतात,” साहेब म्हणाले. “अहवाल थांबवा. आपलं कायम होणंही.”

तिने ‘बरोबर’ खोडलं. संध्याकाळी वडिलांचा फोन वाजत राहिला, तिला उचलवेना.