सारवलेल्या कोर्टावर चार गेम

आमच्या क्लबचं टेनिस कोर्ट शेणानं सारवलेलं होतं. दर शनिवारी दुपारी सारवण व्हायचं, मग चुन्याच्या रेघा ओढल्या जायच्या, आणि रविवारी सकाळी सहसा कुणी खेळत नसे. क्लब मिलमधल्या अधिकाऱ्यांचा. गुडघा दुखायला लागेपर्यंत वडील तिथं खेळायचे. मग त्यांची रॅकेट माझ्याकडे आली, आणि चार ते पाच ही बायकांची राखीव वेळही. बायका मात्र येत नसत. सोलापुरात चारच्या उन्हात उभं राहायला कोण येणार?

मी जायचे. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या वर्गातल्या मुली शाळा संपल्यावर पुण्यामुंबईच्या होस्टेलांत गेल्या होत्या. मी इथल्याच कॉलेजात होते. तिथं माझं मराठी पुस्तकी वाटायचं, आणि इंग्रजी बोलले की मुली एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी दोन्ही भाषांत कमी बोलायला शिकले होते. चार वाजता निदान कुठे जायचं हे ठरलेलं असायचं.

क्लबच्या कपाटात टेनिसचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली चित्रं बघून मी बॅकहँड शिकले. खांदा आधी वळवायचा, रॅकेट लवकर मागे न्यायची, वजन पुढच्या पायावर टाकायचं आणि चेंडू तारांना लागेपर्यंत नजर हलवायची नाही. घरी कपाटाच्या आरशासमोर मी हे शंभरदा करायचे. आई म्हणायची, "कपाट फोड एकदाचं, म्हणजे समाधान होईल." दुपारी क्लबच्या गोदामाच्या भिंतीवर तेच. भिंत कधी चुकत नाही आणि कंटाळतही नाही. पण समोरचा माणूस आता काय करील, हे भिंतीपाशी शिकता येत नाही.

त्या वर्षी रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याची बदली सोलापूरला झाली आणि त्यांची मुलगी क्लबात आली. माझ्याच वयाची, सिकंदराबादला प्रशिक्षकाकडे शिकलेली. आम्ही इंग्रजीत बोलायचो. ती पहिल्याच दिवशी माझ्या रॅकेटची मूठ हातात घेऊन म्हणाली, "ही तुझ्या वडिलांची ना? तुझ्या हाताला केवढी मोठी आहे." पुढच्या वेळी तिनं कापडी पट्टी आणून मूठ नीट गुंडाळून दिली. इतक्या दिवसांत कुणी माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतं.

ती मला सहा-शून्य हरवायची. तीन वेळा सहा-शून्य, एकदा सहा-एक, आणि तो एक गेमही तिनं सोडला असावा असा मला संशय होता. चौथ्या सेटनंतर ती बाकावर बसून पाणी पीत होती.

"राग मानू नकोस," ती म्हणाली, "तुझे फटके सुंदर आहेत. पण तुझ्याशी खेळताना मला घामच येत नाही."

मी हसले.

"क्लबातले ते मिलचे डॉक्टर मला सकाळी खेळायला बोलावतायत. रोज दोन्ही वेळा घरून सोडणार नाहीत." तिनं पाण्याचा आणखी एक घोट घेतला. "असं करू. रविवारी एक सेट खेळू, मनापासून. तू चार गेम घेतलेस तर मी रोज संध्याकाळी तुझ्याशी खेळेन. नाहीतर सकाळी डॉक्टर. वेळ तू ठरव."

घरी येताना मला फक्त तेवढंच दिसत होतं. चार गेम घेतले तर रोज संध्याकाळी कुणीतरी असेल. नाहीतर भिंत.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर जोरजोरात मारत होते. कोर्ट सारवणाऱ्या मावशी शेणाची पाटी बाजूला ठेवून सावलीत टेकल्या होत्या. केम गावाकडच्या, दुष्काळात गाव सोडून आलेल्या. क्लबात त्या सगळ्यांचा खेळ बघायच्या, पण त्यांना कुणी कधी काही विचारलं नसेल.

"ताई, भिताडाचा जीव घ्याल की," त्या म्हणाल्या.

"रविवारी सामना आहे, मावशी."

"त्या रेल्वेवाल्या पोरीसंगं व्हय? ती हरायची न्हाय."

"का?"

"तुमी तिला पंगतीला बसवून वाढताय. उजव्या हाताला द्या म्हनली की उजव्या हाताला. काल समदे तितंच दिलं. ती जागची हलली न्हाय."

मी थांबले. हे खरं होतं. भिंतीकडून चेंडू सरळ येतो आणि आपणही सरळ परत देतो; तीच सवय मी कोर्टावर नेली होती. आणखी काय दिसतं, असं मी विचारलं.

"दोन फटके हाणतेय आन् तिसऱ्याला जाळीकडं पळतेय. तिला दम न्हाय. डोईवरनं द्या की." मग त्यांनी हनुवटीनं कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला कडुलिंबाच्या झाडाखालचा कोपरा दाखवला. "आन् हितं. दुपारचं ऊन येत न्हाय. शनवारी सारवलं की दुसऱ्या दिवशी धा वाजंपातुर ओलंच ऱ्हातंय. चेंडू पडला की बसतोय, उठत न्हाय."

त्या टोकाला उभं राहिलं की तो कोपरा डाव्या हाताला यायचा. तिचा बॅकहँड.

"पण तिला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग? खेळात सांगायचं असतंय व्हय?" मावशी पाटी उचलून निघाल्या. "सकाळी सातची येळ घ्या."

शनिवारी सारवण झाल्यावर मी संध्याकाळपर्यंत क्लबात थांबले. बाकीचं कोर्ट फिकट होऊन खडखडीत वाळलं तरी लिंबाखाली हिरवट काळपट तुकडा राहिला. मी बाहेर उभी राहून त्यावर चेंडू टाकला. तो घोट्याइतकाही वर आला नाही. मग मी क्लबातून तिच्या घरी फोन केला. "सात वाजता," मी म्हणाले, "नंतर ऊन होतं."

रविवारी तिनं रॅकेट फिरवून नाणेफेकीसारखा कौल जिंकला आणि सर्व्हिस घेतली. म्हणजे बाजू निवडणं माझ्याकडे आलं. मी अलीकडची बाजू घेतली. ती लिंबाच्या टोकाला गेली.

पहिला गेम मी घेतला. मी जोर लावला नाही. तिच्या उजव्या हाताला एक लांब, मग त्या कोपऱ्यात एक. तिनं रॅकेट कमरेच्या उंचीवर आणलेली असायची आणि चेंडू तिच्या बुटापाशी मरून पडायचा. बाजू बदलल्यावर पुढचे दोन तिनं घेतले. मग ती पुन्हा लिंबाच्या टोकाला आली आणि दोन्ही मला मिळाले. ती जाळीकडे पळाली की मी डोक्यावरून द्यायचे. दोनदा ती मागे धावत जाऊन धापा टाकत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढचा फटका आधी ठरवून खेळत होते. तीन-दोन. पुन्हा बाजू बदलली, तिनं दोन घेतले. मग ती परत लिंबाखाली, आणि आठवा गेम माझा. चार-चार.

ती हसत जाळीपाशी आली. तिला घाम आला होता. "घेतलेस चार," ती म्हणाली. "खरंच घेतलेस. उद्यापासून चार वाजता. कुठे लपवलं होतंस हे सगळं?"

तिचा आनंद खरा होता. त्यानंतर मी तो कोपरा सोडून द्यायला हवा होता. मला हवं ते मिळालं होतं. पण नवव्या गेमचा पहिलाच चेंडू मी तिथंच मारला. का, हे मला नीट सांगता येत नाही. बहुधा मला आता जिंकायचंही होतं.

या वेळी ती जिवाच्या आकांतानं पोचायला गेली आणि घसरली. गुडघा आणि तळहात टेकला. उठून तिनं हात बघितला. हिरवा होता. तिनं बुटाच्या टाचेनं जमीन दाबली, मग दोन पावलं सरकून कोरड्या जागी दाबून बघितली. वर झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून सात वाजता?"

मला वाटलं ती निघून जाईल. ती नळावर गेली, हात धुतले, स्कर्टला पुसले आणि परत आपल्या जागी येऊन म्हणाली, "पंधरा तुझे."

त्यानंतर तिनं त्या कोपऱ्यात एकाही चेंडूचा टप्पा पडू दिला नाही. दोन पावलं पुढे उभी राहून ती तो हवेतच घ्यायची. मला माझी सगळी योजना तिच्या डोळ्यांसमोर उघडी पडल्यासारखी वाटत होती आणि दुसरी योजना माझ्याकडे नव्हती. तिनं सहा-चार जिंकलं. हस्तांदोलन केलं. तिचा हात अजून ओला होता.

सोमवारी चारला ती येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली. चारला पाच मिनिटं असताना. मंगळवारीही आली. तिनं शब्द पाळला, एकही दिवस चुकवला नाही. आम्ही दोन-दोन सेट खेळायचो. ती मनापासून खेळायची, आणि मला तिच्याविरुद्ध खरंच विचार करायला लागायचा. एखादा फटका तीनदा चालला की चौथ्यांदा ती तयार असायची. म्हणून मी तो दुसऱ्यांदाच बदलायला शिकले. दोन महिन्यांत मी तिच्याकडून दोन सेट घेतले, दोन्ही वाळलेल्या कोर्टावर. मी आजवर खेळलेलं सगळ्यात चांगलं टेनिस ते.

पण ती आकड्यांशिवाय काही बोलत नसे. पंधरा, तीस, बाहेर, रेषेवर. रेषेजवळ पडलेला संशयाचा चेंडू ती नेहमी मला द्यायची, आणि त्यानं मला जास्त वाईट वाटायचं. खेळ संपला की एक घोट पाणी पिऊन रॅकेट वाकू नये म्हणून लाकडी फ्रेममध्ये घालायची, स्क्रू आवळायची आणि निघायची. मूठ गुंडाळलेली पट्टी सुटायला लागली होती. ती तिला दिसत होती. मी स्वतःच ती उलटसुलट गुंडाळली.

मी माफी मागायची वाक्यं इंग्रजीत तयार करायचे, सायकलवरून येताना. कोर्टावर पोचेपर्यंत ती पुस्तकातली वाटायला लागायची. शिवाय मी खेळाचा नियम कुठे मोडला होता? तसं कुणी म्हणालं असतं तर मी भांडलेही असते. कुणी म्हणालं नाही.

एका संध्याकाळी खेळ संपल्यावर ती म्हणाली, "उद्या मी येणार नाही. बाबांची बदली झाली. सामान बांधायचंय."

"तुझा बॅकहँड आता फार चांगला झालाय," मी म्हणाले.

"तू रोज तिथंच मारायचीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. थोडं हसू असावं, पण तोवर ती स्क्रू आवळायला खाली वाकली होती.

बदली कुठे झाली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पत्ताही दिला असता, असं मला आता वाटतं. तेव्हा मी चेंडू गोळा करत राहिले, आणि मान वर केली तेव्हा ती फाटकापर्यंत पोचली होती.