प्रीअ‍ॅम्प्लिफायर हवा की नको

आमच्या गाणी ऐकायच्या संचातल्या नव्या डिजिटल कन्व्हर्टरलाच आवाज कमी-जास्त करायची सोय होती, म्हणून माझ्या नवऱ्याने आधी तेच काम करणारा मधला प्रीअ‍ॅम्प्लिफायर काढून टाकला. तेव्हापासून ह्यांना संशय. "भजनातल्या झांजा कुठे गेल्या? दुकानदाराने फसवलं आपल्याला!"

शेवटी काल ह्यांनी प्रीअ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जोडला आणि तेच भजन लावून डोळे मिटून बसले. मला झांजा आधीही ऐकू येत होत्या, आताही येत होत्या. किणकिण हवेत विरेपर्यंत.

"आता?" मी विचारलं.

"नाहीच. ह्यातही काहीतरी खोट आहे."

यंत्रावर संशय घेणं किती सोपं असतं! यंत्राला वाईट वाटत नाही. पण गेले काही महिने दाराची बेल मीच ऐकते, फोनही मीच उचलते, हे मला एकदम जाणवलं. माझा संशय यंत्रावरून उठून ह्यांच्यावर येऊन बसला. मला तो तिथे नको होता.

"तुला येतात ऐकू?" ह्यांनी डोळे उघडून विचारलं.

नाही म्हणावंसं फार वाटलं. "येतात," मी म्हणाले.

ह्यांनी वायरी बाजूला सारल्या. मग सरकून मला शेजारी जागा केली.

"कशा वाजतायत, सांग मला."