सात पॉइंट दोनचा उतारा

माझा इंजिनिअरिंगचा शेवटचा निकाल लागला तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "किती पडले?" मी म्हणाले, "सात पॉइंट दोन." त्यांचा चेहराच उतरला. नेवाशाकडच्या आमच्या गावात सगळा ऊस. तिथल्या माणसाला पॉइंटवाला एकच आकडा कळतो, तो साखरेच्या उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याचा.

"सात? आपल्या साखर कारखान्याचा उतारा धाच्या खाली आला तरी बोंब हुती."

मी सांगितलं, हे दहापैकी असतं. त्यांनी जरा विचार केला. "मंग उरलेले तीन कुठं गेले?"

त्यातले काही कुठे गेले ते मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या सेमिस्टरला मी गणितात नापास झाले होते. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला, पण ते नापासाचं मार्कशीट माझ्या बॅगेच्या तळाला कपड्यांखाली पडून होतं आणि घरात मी चकार शब्द काढला नव्हता. कारण आई. आईला दहावीला बासष्ट टक्के होते, आणि ते आमच्या घरात अजून चालू आहेत. भाजीत मीठ जास्त झालं असं कुणी म्हणालं, तरी बासष्ट टक्के मध्ये येतात.

सातच्या खाली कंपन्या दारात उभं करत नाहीत, असं कॉलेजात सगळे सांगायचे. त्या सातसाठी आम्ही मैत्रिणींनी नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातून मुलाखतीला बोलावणं आलं. तपासणी विभागात एकच जागा होती, आणि ती मला हवी होती. स्थळ बघायला निघावं तसे दादा पांढराशुभ्र शर्ट घालून बरोबर निघाले. फाईल त्यांच्याच काखेत.

मालक साठीचे होते. त्यांनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. एक गोल लोखंडी जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. "मोजा, ताई."

मी तीन ठिकाणी मोजलं. पुन्हा मोजलं. "पंचवीस पॉइंट शून्य चार येतंय. ड्रॉइंगमध्ये पंचवीसला पॉइंट शून्य दोनचीच सूट आहे. हा रिजेक्ट आहे."

"बरोबर," ते म्हणाले, आणि मगच त्यांनी फाईल ओढली. पानं उलटत बोटांवर मोजली. "सेमिस्टरं आठ. मार्कशीटं सात. तिसरं कुठंय?"

दादा शेजारीच बसले होते. घरी विसरलं, असं म्हणता आलं असतं; ते वाक्य मी पाठही करून आले होते. पण समोर तो रिजेक्ट जॉब पडला होता आणि माझ्या तोंडून ते निघेना. "गणितात नापास झाले होते, सर. नंतर सुटला विषय." दादांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मालकांनी फाईल मिटली. "बरं झालं सांगितलंत. माप चुकलं तर मला कळतं, लपवलं तर गिऱ्हाइकाला कळतं. सोमवारी आठला या."

नोकरी मिळाली होती आणि मला रडू येत होतं. दादांनी मोटारसायकल काढली. वाटेत घोडेगावला चहाला थांबलो. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "गणित लई वंगाळ. मीबी त्यातच गेल्तो. धावीला."

मी कप खाली ठेवला. "मग तुम्ही पास कधी झालात?"

"तीनदा बसलो. अजून ऱ्हायलाय त्यो विषय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुझ्या आईचं स्थळ आलं तवा पास म्हणून सांगितलं. तिचे बासष्ट ऐकल्यावर काय बोलणार? पुढं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

घरी पोचलो तर आई दारातच उभी होती. नोकरीचं ऐकून तिनं आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच विचारलं, "मार्क बघितले का त्यांनी?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "बघितले की! एकूणएक कागद बघितला. लई नावाजलं सायबानं."

डोळ्याची पापणीही लवली नाही त्यांची. या माणसाला मी बावीस वर्षं साधाभोळा समजत होते, आणि त्या घडीला ते मला जेवढे आवडले तेवढे त्याआधी कधीच आवडले नव्हते.