वहिनीचा बर्फ

आमची विद्युल्लतावहिनी धारजवळच्या खेड्यांत पोरांना लसी टोचते, वीस वर्षं झाली. माझं नि तिचं अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य, तरी खरं तेच सांगते: तिच्या गावांतलं एक बाळ हुकायचं नाही. सकाळी सगळ्यांआधी लसींचा डबा घेऊन तीच निघणार, आत बर्फाचे पॅक दगडासारखे कडक. "माझी लस सगळ्यांत गार!" केवढा तोरा बाईचा!

गेल्या वर्षी हेपेटायटिस बीचा रक्ताचा सर्वे झाला. दोन वर्षांच्या मुलांना लस लागू पडली का, ते बघायचं होतं. रक्त तपासायच्या यंत्रावर मीच, प्रयोगशाळेत नोकरीला ना मी! वहिनीच्या गावांतल्या चाळीस मुलांपैकी एकतीस जणांच्या रक्तात लसीचा मागमूस नाही! तीनदा तपासलं.

घरी तिला आकडा सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "ऋजुता, बाकीच्यांच्या गावांत?"

"तिथं ठीक आहे."

"मग खोट माझ्याच डब्यात."

सर्वेच्या बैठकीला आम्ही दोघीही होतो. तिथं आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "आया नीट खायला घालत नाहीत, बच्चे कमजोर. लस बिचारी काय करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. फाईल तिथंच मिटली असती आणि मुलं तशीच लसीच्या संरक्षणाविना राहिली असती. वहिनी गप्प बसली असती, तर तिच्यावर काही आलं नसतं.

ती उठलीच. "आयांना बोल लावू नका साहेब. पॅक फ्रीजरबाहेर काढून आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं असतं. निघायच्या घाईत मी थांबत नव्हते. तसल्या कडक पॅकला लागून ही लस गोठते, आणि गोठली की वाया जाते. सगळ्या मुलांना परत टोचायला हवं. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

मी मनात कपाळ बडवून घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे किती!

नव्या डोसांचा हुकूम आला. तिला नोटीसही आली. पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. त्या एकतिसांतल्या एका पोरीची आई जमुनाबाई, तिच्या अंगणात वहिनीनं काही न लपवता सगळं सांगितलं. जमुनाबाई म्हणाली,

"दो साल तुम्हारे भरोसे बेफिकर सोई मैं, दीदी."

जमुनाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचा पाय घट्ट धरला. वहिनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सुई मात्र तिनं नीट टोचली.