मावशींचे मुदतीचे अर्ज

अर्ज वाचून दाखवताना ‘आजारी’ हा शब्द आला, की मावशी कागदावर तळहात ठेवायच्या. पुढचं वाचताच यायचं नाही.

“मी कुठं आजारी हाय? जे हाय ते लिवा.”

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी उल्हासनगरात एका वकिलांकडे कारकून होतो. तुम्ही कधी कोर्टाची पायरी चढला असाल, तर तुम्हाला ठाऊकच असेल, पुढची तारीख हवी असली की अर्जात पक्षकार आजारी असतो. आमचे सगळे पक्षकार कागदोपत्री अंथरुणाला खिळलेले होते आणि कोर्टाबाहेरच्या टपरीवर भजी खात होते.

मावशींची कॅम्प एकमध्ये एक भाड्याची खोली. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात होता. तो वारल्यावर त्या एकट्याच राहायच्या. घरमालक शेटजी सिंधी, भिंतीला लागून त्यांचं कापडाचं दुकान. दुकान वाढवायला त्यांना ती खोली हवी होती, म्हणून दावा. कोर्टानं मुदत नाकारली आणि मावशी हजर नसल्या, तर दावा एकतर्फी चालून खोली जाणार, हे मी त्यांना दहा वेळा समजावलं होतं.

“रोज सकाळी पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाय म्हणते. आन् तुमी माज्या सहीनं खोटं लिवणार?”

मग मी त्यांच्या खोलीच्या दारात बसून लिहायचो, शेजारच्या दुकानातून शेटजींना सगळं दिसायचं, ऐकू यायचं. ‘बारवी धरणाचे पाणी दोन दिवस बंद असून ते तारखेच्याच सकाळी येणार आहे. अर्जदारास पिंप भरणे आहे.’ किंवा, ‘आषाढी पौर्णिमेस विहारात खीर असून पातेल्याजवळ अर्जदार स्वतः लागतात.’ आमचे वकीलसाहेब सही करताना दुसरीकडे बघायचे. न्यायाधीश मात्र हे अर्ज सावकाश वाचत.

अर्जावर समोरच्या बाजूचं म्हणणं घ्यावं लागतं. शेटजींचे वकील पेन उघडून मालकाकडे बघत. शेटजी म्हणत, “पानी का मामला है. लिखो, हरकत नाही.” त्यांच्या घरीही त्याच पाइपलाइनचं पाणी येत होतं. अशी पाच-सहा वर्षं गेली.

एकदा तारखेच्या आदल्या दिवशी मावशींची बदलापूरला दिलेली मुलगी ऑफिसात आली. म्हणाली, “आईने सांगितलंय, आजारी लिवा.”

तो शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. त्या दिवशी लिहिताना मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शेटजींचे वकील तडक उभे राहिले. “साहेब, हे नेहमीचं कारण आहे. आमची हरकत आहे. दावा एकतर्फी चालवावा.” न्यायाधीशांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. डॉक्टरचा दाखला आणायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

मागच्या बाकावरून शेटजी उठले. “साहेब, वो बाई झूठ नहीं लिखवाती. बीमार लिखा है, तो बहुत बीमार होगी.”

तारीख मिळाली. ती यायच्या आत मावशी गेल्या.

त्या तारखेला मी त्यांच्या मृत्यूचा कागद घेऊन कोर्टात गेलो. शेटजींचे वकील खुशीत होते. खोलीत मागे राहणारं कुणी नव्हतं, मुलगी चावी द्यायला तयार होती. पण शेटजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मावशीही तारखेला त्याच बाकावर बसत. तिथूनच ते वकिलांना म्हणाले, “आज नको. तारीख ले लो.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. त्यांचा कारकून रजेवर होता, म्हणून कागद माझ्यापुढे सरकवून ते सांगू लागले, “लिही. वादी आजारी असल्याने...”

शेटजींनी कागदावर तळहात ठेवला.

“बीमार मत लिखो. बाई क्या बोलती थी? जे हाय ते लिवा.”

मी लिहिलं, ‘प्रतिवादी बाई वारल्या. वादीस आज खोली नको आहे. पुढील तारीख मिळावी.’

खाली समोरच्या बाजूचं म्हणणं लिहायची जागा असते. ती मी कोरी सोडली.