मायनं खाल्लेली फुलं

आज सकाळी सुंदरा अक्का गेली. पुन्हा माझ्या आधी मायजवळ जाऊन बसली.

आता रामराम ग्रुपवरच्या सगळ्यांना.

अक्का माझी सावत्र बहीण. ती रांगत होती तवाच तिची आई वारली, मग आमच्या बापानं माझ्या मायशी लग्न लावलं.
म्हणजे माय माझी.
अर्धी अर्धी वाटून घेतली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. अक्कानं अख्खी घेतली.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला तिचे फोटो. "किती शांत, किती समजूतदार."
खरं आहे. समजूतदार माणसाच्या पाठची बहीण होऊन बघा एकदा, मग कळंल.

निजामाचं राज्य होतं. आम्ही बेंबळीला. बाप तापानं गेला तवा मी आठ वर्षांची, अक्का अकरा.

बाप लई बोलणारा माणूस नव्हता. पण मळ्यातून येताना पटक्याच्या शेवात जाईची फुलं बांधून आणायचा. माय ती अंबाड्यात माळायची.
तो गेला आणि कुंकवाबरोबर फुलं पण गेली. तवाची रीतच तशी. विधवेनं फूल देवाला घालायचं, आपल्या डोक्यात नाही.
मला रीत माहीत होती. पण मला वाटायचं रीत गावाला असती, आपल्या मायला कशाला.

नवरात्र आलं. गल्लीतल्या बाया फुलं माळून देवीला निघाल्या. माय उंबऱ्याच्या आत बसून जोंधळा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी ठरवलं, हिला जाई आणून द्यायची. दुसरं कुठलं फूल नाही, तीच.

जाई होती मळ्यात, वेशीच्या बाहेर. आणि रझाकारांच्या भीतीनं पोरीबाळींना वेशीबाहेर सोडत नव्हते.
मी गेले. एकटी. उभ्या जोंधळ्यातून वाकून वाकून. गुडघे सोलले. बांधावर बसून कळ्या दोऱ्यात ओवल्या.

परत आले तर माय दारात. निम्मी गल्ली मला हुडकत होती.

"कुठं गेलतीस?"

मी गजरा पुढं केला. "तुला आणलाय."

मायचा हात डोक्याकडं गेला. अर्ध्यातनंच खाली आला.
आणि त्याच हाताची माझ्या थोबाडीत बसली.

"बाप गेला, आता तू पण जा. तिकडं कुणी उचलून नेली असती म्हंजी?"

आतून आजी बोलली, बापाची आई. "गजरा कुणासाठी हाय ते इचार आधी. लोक बघतेत."

माय म्हणाली, "देवाला घाल जा."

मी देवाला घातला नाही. म्हशीपुढं टाकला. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्याच दिवशी अक्का काय करत होती?
परसात आडाजवळ आमचं हादग्याचं झाड होतं. तिनं परकरभर पांढरी फुलं तोडली आणि मायच्या पुढ्यात आणून ओतली.

"माय, भाजी कर की. लई भूक लागली."

माय बसली. एकेका फुलातला कडू दांडा काढायला लागली. अक्का तिला चिकटून बसली, ती पण काढायला लागली. कांदा चिरला, वरून पीठ पेरलं.

बाप गेल्यापासून माय पाण्यात भाकरी कुस्करून खायची, ती पण अर्धी. त्या दिवशी तिनं भाजीसंगं दीड भाकरी खाल्ली.
आजी नुसती बघत राहिली. काय बोलणार? फुलांची भाजी खाऊ नये अशी काही रीत नव्हती.

माय अक्काच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "गुणाची गं माझी बाय."

मी कोपऱ्यात गाल चोळत बसलेली. माझ्या ताटात पण ती भाजी होती. चव चांगली होती, हे अजून वाईट.

मी जीव मुठीत घेऊन वेशीबाहेर गेले. ही दहा पावलांवर आडापर्यंत गेली. आणि गुणाची कोण? ही.

मग लग्नं झाली, लेकरं झाली, निजाम गेला. माझं जळणं काही गेलं नाही.
माय थकल्यावर राहिली पण अक्काकडंच. डोळे मिटले ते पण तिच्याच घरी.

परवा मी अक्काला फोन केला. तिला ऐकू कमी येतं, मला बोलताना दम लागतो. तरी मी ते काढलंच.

"अक्का, माय तुला मिळाली. मला थोबाडीत मिळाली."

तिला ऐकू गेलं नाही. मी दम घेऊन परत मोठ्यानं सांगितलं.

मग म्हणाली, "तुला मारली तरी गं. मला जन्मात हात न्हाय लावला तिनं."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? एकदा म्या मुद्दाम घागर फोडली, बघू म्हणलं आता तरी मारती का. तर म्हणती, ऱ्हाऊ दे बाय, तुला लागलं न्हाय न्हवं? पाव्हण्याच्या लेकराला बोलतेत तसं."

मी सरळच विचारलं, "म्हंजी तू माझ्यावर जळत होतीस व्हय?"

तर म्हणाली, "गोळीचा टाईम झाला. उद्या बोलू."

काल तिला दवाखान्यात नेलं. आज गेली.

अक्का, सुखानं जा. वाटेत कुठं अडू नकोस.

आणि खाली कुणी हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत.

शांता, तू तिची थोरली लेक. शेवटपर्यंत तूच जवळ होतीस. तुझी माय माझ्यावर जळत होती का, ह्याचं उत्तर तूच द्यायचं. तुझ्या भावानं नाही, सुनांनी नाही. दिवस उरकल्यावर लिहिलंस तरी चालंल. पण मावशीला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.