आमच्या नावाने कोर्टात

व्हर्नेलबाई गॅड्सडेन चिडल्या की ओरडत नसत, गप्प होत. आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याला ब्रॉन्क्समधल्या न्यू एलिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये सगळे टरकून असत.

एकोणिसाव्या वर्षी साउथ कॅरोलिनातून आल्या, लग्न केलं नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पोरांना वाढलं. शुगर घराण्यातच होती. तिने आईचे डोळे नेले, धाकट्या भावाचा, थॅडियसचा, डावा पाय नेला आणि वर दोन्ही किडन्या. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपली की बाई चर्चच्या तळघरात टेबल मांडून बसत आणि येईल त्याचं बोट टोचून साखर मोजत. कुणी नजर चुकवून निघालाच, तर त्याला दंडाला धरून आणत.

२०१२ साली न्यूयॉर्कच्या मेयरने नियम काढला: हॉटेलात, सिनेमाघरात, खाण्याच्या गाड्यांवर गोड पेयाचा पेला सोळा औंसांहून, म्हणजे अर्ध्या लिटरहून, मोठा विकायचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र बादलीएवढा मिळणारच होता, हे त्यातलं शहाणपण! पेयवाल्यांनी लगेच कोर्ट गाठलं. बाईंना नियम पटला होता. थॅडियसला मुळीच नाही. डायलिसिसच्या खुर्चीत नळ्या लावून पडल्यापडल्या तो म्हणायचा, “आता मेयर येऊन माझे घोट मोजणार. पाय लहान केलात, निदान पेला तरी मोठा ठेवा.”

आठवड्यातून तीन दिवस बाई त्याच्या शेजारी बसून पेपर वाचून दाखवत. पुढच्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, पेयवाल्यांच्या बाजूने कोर्टात उभ्या राहिलेल्या संस्थांची यादी छापून आली. वाचता वाचता बाई थांबल्या. यादीत न्यू एलिमचं नाव होतं, आणि पुढे म्हटलं होतं की आमच्या गरीब वस्तीतल्या माणसांना हा नियम नको आहे.

कुणी विचारलं होतं माणसांना? गेल्या उन्हाळ्यात एका पेयाच्या कंपनीने तळघराला दोन भलेमोठे फ्रीज दिले होते, दारावर आपलं नाव ठसठशीत छापून. आता चर्चचे पाद्री, रेव्हरंड टिल्मन, यांनी कुणाला न विचारता सही ठोकली होती. खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ पाहिले. हे साखरेला जागले.

बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. रेव्हरंडांनी खुर्ची दिली, चहा विचारला, आणि हा आपल्या लोकांच्या हक्काचा प्रश्न असल्याचं गोड आवाजात समजावलं. “सिस्टर, आपण काय प्यायचं ते श्रीमंतांनी का ठरवावं?”

“आणि आपण काय म्हणायचं ते कंपनीने का ठरवावं?” बाई म्हणाल्या. चहा त्यांनी घेतला नाही.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी चर्चची सभा होती. तिथे ठराव कुणालाही मांडता येतो, पण अनुमोदन द्यायला एक तरी माणूस लागतो. नाही मिळाला तर मतदानही होत नाही. बाईंनी ठराव मांडला: कोर्टातून चर्चचं नाव काढून घ्यावं.

रेव्हरंडांनी अनुमोदन कोण देतं म्हणून विचारलं. साठ माणसं बसली होती. बाईंनी ज्यांना चक्कर आल्यावर स्वतः दवाखान्यात नेलं होतं, ते डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, छताकडे बघत होते. ज्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात महिनाभर डबा पोचवला होता, त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. सांगतानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून चाकाची खुर्ची पुढे आली.

“माझं अनुमोदन,” थॅडियस म्हणाला.

रेव्हरंड हसले. “ब्रदर, तू तर त्या नियमाच्या विरोधात आहेस ना?”

“आहेच. आजही आहे. जायचा तर जाऊ दे तो नियम. पण पाय माझा गेलाय, किडन्या माझ्या गेल्यात. माझ्या वतीने बोलायचं होतं, तर मला विचारायचं. आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास मी त्या खुर्चीत पडलेला असतो. कुठे पळून गेलो नव्हतो.”

मग हात वर आले. आधी चार, मग दहा, मग डीकनांचाही. ठराव सात मतांनी पास झाला. सोमवारी डायलिसिसला जाता जाता बाईंनी पेयवाल्यांच्या वकिलांच्या नावचं पत्र स्वतः पेटीत टाकलं.

त्याच सोमवारी दुपारी न्यायाधीशांनी नियम रद्द केला. दुसऱ्या दिवसापासून तो लागू व्हायचा होता.

पत्राचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. निकाल लागला आहे, कागदावरची नावं आता निघणार नाहीत, असं वकिलांनी कळवलं होतं. शिवाय न्यू एलिमच्या माणसांनी निर्भीडपणे आवाज उठवल्याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले होते. बाईंनी ते खुर्चीतल्या थॅडियसला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. त्याला हवा होता तसाच निकाल लागला होता, तरी तो हसला नाही. त्याचा लिहिता हात नळ्यांत अडकला होता, म्हणून त्याने बाईंना पेन काढायला लावलं.

“काय लिहू?”

“लिही, मी थॅडियस गॅड्सडेन. मला कुणी विचारलं नाही.”